अमेरिकेतले ऋतुसण : कोणत्या सणाला दार कोणासाठी उघडावे

अमेरिकेत नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला तिथल्या सणांची पहिली ओळख बहुधा दुकानांतून होते. उन्हाळा संपण्याआधीच भोपळे आणि सांगाडे मांडले जातात आणि ते उतरतात न उतरतात तोच नाताळचे दिवे लागतात. काय विकत घ्यावे हे दुकान सांगते. पण बोलावणे नसताना कोणाच्या दारात जावे की नाही, जाताना काय न्यावे, केव्हा निघावे आणि कोणत्या दिवशी शेजाऱ्याला शुभेच्छा देऊ नयेत, हे तिथे कळत नाही. या लेखाचा भर त्या गोष्टींवर आहे, आणि सणांचा उगम सांगितला आहे तो त्यावरून आजच्या रीतीचे कारण लागते म्हणून.

एक सूत्र लक्षात ठेवले तर बहुतेक अडचणी सुटतात. प्रत्येक सणाला दार कोणासाठी उघडे असते ते ठरलेले आहे. हॅलोविनला ते अनोळखी मुलांसाठी उघडते, थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या कृतज्ञतेच्या सणाला, फक्त आमंत्रितांसाठी, नाताळच्या सकाळी बहुधा घरच्यांखेरीज कोणासाठीही नाही, आणि चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, तर सगळे घराबाहेरच असतात. दिवाळीचा फराळ घेऊन न कळवता शेजारी जाण्याची आपली सवय चांगलीच आहे, पण ती हॅलोविनच्या संध्याकाळी चालते आणि नाताळच्या सकाळी चालत नाही.

सुट्टी आणि सण यांतला फरक

संघराज्य सरकारच्या वर्षाला ११ ठरलेल्या सुट्ट्या असतात. त्यांतली सर्वांत नवी, गुलामगिरी संपल्याच्या स्मरणाची १९ जूनची जूनटीन्थ, २०२१ मध्ये जोडली गेली. मात्र ही यादी सरकारी कार्यालयांपुरती असते, आणि टपालखाते व बहुतेक बँकाही ती पाळतात. खासगी कंपनीने अमुक दिवशी सुट्टी दिलीच पाहिजे असे बंधन केंद्रीय कायद्यात नाही. म्हणून नोकरीवर रुजू होताच कंपनीची यादी मागून घ्यावी आणि तिच्यात फ्लोटिंग हॉलिडे (आपल्या पसंतीच्या दिवशी घेता येणारी सुट्टी) असेल तर तो गणेशचतुर्थीसाठी किंवा लक्ष्मीपूजनासाठी राखून ठेवावा. न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी २०२३ मध्ये झालेल्या राज्याच्या कायद्याने मिळाली. इतरत्र शाळेला आधी लेखी कळवून मुलाच्या गैरहजेरीची परवानगी मागावी.

काही सुट्ट्या सोमवारीच का येतात, याचे उत्तर १९६८ च्या एका कायद्यात आहे. लोकांना सलग तीन दिवस मिळावेत म्हणून काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) काही सुट्ट्या तारखेवरून काढून सोमवारला जोडल्या आणि १९७१ पासून ते लागू झाले. माजी सैनिकांचा व्हेटरन्स डे मात्र ऑक्टोबरच्या सोमवारी नेलेला लोकांना रुचला नाही. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले, त्या तारखेशी तो दिवस बांधलेला होता, आणि १९७८ मध्ये तो पुन्हा तिथेच आणावा लागला. या सोमवारांना जोडून प्रवासाचा बेत असेल तर विमानाची तिकिटे दोन-तीन महिने आधी काढावीत.

हॅलोविन : ३१ ऑक्टोबर

आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा लागण्याच्या संधीला साविन हा सण पाळत, आणि त्या रात्री मृतांचे आत्मे फिरतात अशी समजूत होती. ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या रात्रीला जुन्या चालीरीती चिकटून राहिल्या. १८४० च्या दशकातील बटाट्याच्या दुष्काळानंतर आयरिश लोक लाखोंनी अमेरिकेत आले, तेव्हा त्या चालीही आल्या. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत भोपळा मोठा आणि कोरायला सोपा मिळाला. मुलांनी दारोदार जाऊन खाऊ मागणे मात्र त्यामानाने अलीकडचे आहे. त्या रात्री टवाळ पोरे लोकांच्या फाटकांची आणि खिडक्यांची मोडतोड करीत, त्यांना आवर घालण्यासाठी १९३० च्या दशकात गावोगावी खाऊ वाटण्याची पद्धत रुजत गेली. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण आल्याने ती थबकली आणि युद्धानंतर नव्या उपनगरांत घट्ट बसली.

दारावरचा दिवा ही या सणाची खूण आहे. पोर्चचा दिवा लावला असेल तर मुले येतात आणि बंद असेल तर पुढे जातात. दिवा बंद ठेवल्याबद्दल कोणी रागावत नाही, तेव्हा घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर निःसंकोच तो बंद ठेवावा. वेळ सर्वसाधारणपणे अंधार पडण्याच्या सुमारापासून साडेआठपर्यंतची असते, आणि काही गावे ती जाहीरही करतात. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर कचेरीत किंवा खाली लावलेल्या सूचनेत पाहावे, कारण ज्यांना मुले आलेली चालतील त्यांनी दारावर कागद लावावा अशी तिथे बऱ्याचदा पद्धत असते.

वाटायला कारखान्यात स्वतंत्र गुंडाळलेली छोटी चॉकलेटेच आणावीत. घरचे लाडू, चिक्की किंवा वड्या अनोळखी मुलांना देऊ नयेत. त्यात आपला अपमान नाही. अनोळखी माणसे खाऊत विष किंवा ब्लेड घालतात अशी भीती १९७० च्या दशकापासून पालकांच्या मनात बसली आहे. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी अशा बातम्यांचा अनेक वर्षे मागोवा घेतला तेव्हा त्यांतल्या बहुतेक खोट्या किंवा घरातल्याच कोणाच्या कृत्याच्या निघाल्या. तरीही उघडा किंवा घरी केलेला पदार्थ बहुतेक आईवडील घरी गेल्यावर टाकून देतात, आणि आपली मेहनत वाया जाते. शेंगदाणे आणि सुकामेवा यांची ॲलर्जी अनेक मुलांना असते, म्हणून एका वेगळ्या वाडग्यात पेन्सिली, स्टिकर, खोडरबर असे खाण्याखेरीजचे काही ठेवावे आणि दारात निळसर-हिरवा रंग दिलेला भोपळा मांडावा. २०१४ पासून ही खूण देशभर ओळखली जाते.

आपली मुले पाठवताना त्यांना लहान गटात, मोठ्या माणसासोबत पाठवावे. पोशाख पायांत अडकणारा नसावा आणि त्यावर चमकणारी पट्टी चिकटवावी. २००७ पासून, उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली घड्याळे मागे घेण्याचा दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गेल्याने ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ तासभर अधिक उजेडाची झाली आहे, तरीही त्या रात्री निवासी गल्लीतून मोटार नेणे शक्यतो टाळावे. दुसऱ्या समाजाचा वेश, विशेषतः पिसांचा मुकुट घालून मूळ रहिवाशांचे सोंग, मुलाला देऊ नये. शाळेत त्यावर आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे.

भोपळा कोरायचा तर सणाच्या दोन-तीन दिवस आधीच कोरावा, कारण कोरलेला भोपळा आठवड्याभरात बुरसतो. देठाभोवतीचे झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरावी, म्हणजे झाकण आत पडत नाही. बिया आणि तंतू खरवडून काढून पुढची भिंत सुमारे एक इंच जाडीची ठेवावी, चेहरा आधी कागदावर काढून टोचून घ्यावा आणि कोरण्यासाठी दुकानात मिळणारी बारीक करवत वापरावी. स्वयंपाकघरातली मोठी सुरी निसटते. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा. बिया धुऊन, वाळवून, तेल-मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजल्या तर उत्तम लागतात. कोरायचा भोपळा मात्र खाण्यात अर्थ नाही, तो पाणचट आणि तंतुमय असतो. घारगे करायचे असतील तर शुगर पम्पकिन नावाचा लहान, घट्ट गराचा भोपळा वेगळा घ्यावा.

हॅलोविन आणि दिवाळी काही वर्षी एकमेकांना खेटून येतात. २०२४ मध्ये तर दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले. अशा वर्षी पूजा दुपारी उरकून किंवा मुले परतल्यावर करून दारात पणत्या ठेवल्या तरी काही बिघडत नाही. फक्त पणत्या मुलांच्या झग्यांपासून दूर, उंचावर असाव्यात.

थँक्सगिव्हिंग : नोव्हेंबरचा चौथा गुरुवार

अमेरिकेचा सर्वांत घरगुती सण हाच, आणि नवख्या माणसाने तो नीट समजून घ्यावा असा आग्रह धरावासा वाटतो, कारण धर्म कोणताही असो, या दिवशी आमंत्रण मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

शाळेत सांगितली जाणारी गोष्ट अशी : मेफ्लॉवर जहाजातून १६२० मध्ये १०२ इंग्रज प्रवासी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले, पहिल्या हिवाळ्यात त्यांतले निम्मे मेले, तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांनी त्यांना मका लावायला शिकवले आणि १६२१ च्या सुगीनंतर दोघांनी एकत्र जेवण केले. एडवर्ड विन्स्लो या वसाहतकऱ्याच्या त्याच वर्षीच्या पत्रात या प्रसंगाच्या मोजक्या ओळी आहेत. मॅसासॉइट हा प्रमुख सुमारे ९० माणसांसह आला, त्यांनी पाच हरणे मारून आणली आणि मेजवानी तीन दिवस चालली. बटाटे, भोपळ्याची पाय (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) किंवा क्रॅनबेरीचा मुरंबा यांचा तिथे उल्लेख नाही, आणि हा सण दरवर्षी करायचा असेही कोणी ठरवले नव्हते.

गोष्टीची दुसरी बाजूही जेवणाला जाण्यापूर्वी ठाऊक असावी. वसाहत वसली ती पाटुक्सेट या गावाच्या जागेवर. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते गाव चार-पाच वर्षांपूर्वीच ओस पाडले होते, आणि इंग्रजांना मदत करणारा टिस्क्वान्टम त्याच गावाचा होता. मेजवानीनंतर ५४ वर्षांनी, १६७५ मध्ये, मॅसासॉइटच्या मुलाला, मेटाकॉमला, इंग्रजांविरुद्ध युद्ध करावे लागले. म्हणून १९७० पासून मूळ रहिवासी आणि त्यांचे मित्र याच गुरुवारी प्लिमथमध्ये शोकदिन पाळतात. मुलांना ही गोष्ट सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात, आणि कागदी पिसांचे मुकुट करण्याचा उद्योग टाळावा. तसे मुकुट वाम्पानोआगांचे नव्हतेच.

आजचा सण घडवला तो बऱ्याच अंशी एका संपादिकेने. सारा जोसेफा हेल या गोडीज लेडीज बुक या मासिकाच्या संपादिका. सर्व राज्यांनी एकाच दिवशी हा सण पाळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे अग्रलेख लिहिले आणि गव्हर्नरांना व राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवली. याच मासिकासारख्या नियतकालिकांतून टर्की (कोंबडीसारखा पण खूप मोठा पक्षी), स्टफिंग (पावाच्या तुकड्यांचे सारण) आणि पाय यांचे ताट घरोघरी पोहोचले. यादवी युद्ध पेटलेले असताना, २८ सप्टेंबर १८६३ रोजी त्यांनी अब्राहम लिंकन यांना पत्र लिहिले, आणि ३ ऑक्टोबरला लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. पुढे १९३९ मध्ये शेवटचा गुरुवार ३० तारखेला आला, तेव्हा नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात अशी दुकानदारांची तक्रार ऐकून राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. निम्मी राज्ये मानली, निम्मी मानली नाहीत, आणि काहींनी दोन्ही गुरुवार पाळले. हा घोळ १९४१ च्या कायद्याने मिटवला आणि चौथा गुरुवार कायम झाला. पाच गुरुवारांच्या वर्षी आजही गफलत होते : २०२८ मध्ये हा सण २३ नोव्हेंबरला आहे, ३० ला नाही.

आमंत्रण आले तर

आमंत्रण स्वीकारताना त्याच वेळी दोन गोष्टी विचाराव्यात : काय आणू, आणि किती वाजता येऊ. जेवण बहुधा दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान असते. दिलेल्या वेळेच्या आधी पोचू नये आणि पंधरा मिनिटांपेक्षा अधिक उशीरही करू नये. 'काही आणू नका' असे उत्तर आले तरी फुले, फळांचा रस किंवा मिठाईचा लहान डबा न्यावा. पदार्थ न्यायचा ठरला तर असा न्यावा की जो यजमानांच्या स्वयंपाकघरात गेल्यावर ना तळावा लागेल ना ओव्हनमध्ये ठेवावा लागेल, कारण त्या दिवशी ओव्हनमध्ये तसूभरही जागा नसते. वाढायचा चमचा सोबत न्यावा. श्रीखंड, मटारची उसळ किंवा लिंबू-कोथिंबीर घातलेली काकडीची कोशिंबीर चालते. तिखट बेताने असावे आणि शेंगदाण्याचे कूट घातले असेल तर ते आधीच सांगावे.

शाकाहारी असाल तर आमंत्रण घेतानाच सांगावे, ताटावर बसल्यावर नव्हे. या जेवणात मांस अनपेक्षित जागी दडलेले असते. ग्रेव्ही टर्कीच्या पाझरलेल्या रसाची असते, स्टफिंग बहुधा कोंबडीच्या स्टॉकमध्ये भिजवलेले असते, फरसबीत बेकन पडू शकते, रताळ्यांवरच्या मार्शमेलोत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचे जिलेटिन असते आणि पायच्या पारीत क्वचित डुकराची चरबी वापरतात. फरसबीची जी कॅसरोल (ओव्हनमध्ये भांड्यातच भाजलेला पदार्थ) घरोघरी दिसते ती १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डोर्कस रायली यांनी बसवलेली. ती मशरूमच्या सुपात होते, पण डब्यावरचे घटक तरीही वाचून घ्यावेत. कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरी सॉस, पाव आणि आपण नेलेली एक उसळ एवढ्यावर उत्तम जेवण होते.

जेवणाआधी काही घरांत सर्वजण हात धरून प्रार्थना करतात. आपण हात द्यावा आणि शांत राहावे, एवढे पुरते. नंतर प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगण्याची चाल असेल तर दोन वाक्ये पुरेत. राजकारणाचा विषय आपण होऊन काढू नये. जेवण झाल्यावर ताटे उचलायला उठावे, आणि मग दूरचित्रवाणीवर अमेरिकी पद्धतीचा फुटबॉल लागलेला असेल तर तो पाहत बसण्यात काही गैर मानले जात नाही. डेट्रॉइट लायन्सचा संघ १९३४ पासून या दिवशी खेळत आला आहे. उरलेले अन्न यजमान आग्रहाने बांधून देतात. ते घ्यावे.

घरी करायचे तर

टर्कीचे मांस चवीला सौम्य आणि शिजवताना कोरडे पडणारे असते. पंगत सहा-सात माणसांची असेल तर अख्ख्या पक्ष्याचा हट्ट धरू नये, हाडासकट छातीचा तुकडा भाजावा. मोठी पंगत असेल तर माणशी एक ते दीड पौंड या हिशेबाने पक्षी घ्यावा. गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये बर्फ वितळून सुटी व्हायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो, म्हणजे १४ पौंडांची टर्की रविवारी सकाळीच फ्रीझरमधून खाली काढून, रस सांडू नये म्हणून परातीत ठेवायची. बुधवारी रात्री आठवण झाली तर तिच्या मूळ पिशवीत गच्च बंद करून थंड पाण्यात बुडवावी, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि पौंडामागे अर्धा तास धरावा. १४ पौंडांना सात तास लागतील. ओट्यावर उघडी ठेवून ती कधीही सुटी करू नये.

भाजण्याआधी पोटातील काळीज-गळ्याची पिशवी काढावी. ती आत राहून भाजली जाणे हा नवख्यांचा ठरलेला प्रमाद आहे. कच्ची टर्की धुऊ नये असा कृषी खात्याचा सल्ला आहे, कारण पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात. कागदाने टिपून घ्यावी, मीठ आदल्या दिवशीच चोळून ठेवावे, आणि छातीवरची कातडी हाताने अलगद सोडवून तिच्याखाली लोण्यात कालवलेले आले, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांचे वाटण भरावे. मसाला कातडीवर लावला तर तो करपतो. कातडीखाली घातला तर मांसाला लागतो. ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटवर ठेवून, आत काही न भरलेल्या १२ ते १४ पौंडांच्या पक्ष्याला तीन ते पावणेचार तास लागतात. घड्याळावर मात्र विसंबू नये. मांसाचा थर्मामीटर मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. तिथे आणि छातीत १६५ अंश फॅरनहाइट दिसले म्हणजे पक्षी तयार झाला. मग अर्धा तास झाकून ठेवावा आणि नंतरच कापावा, म्हणजे रस मांसात मुरतो.

अख्खी टर्की तेलात तळण्याची हौस दक्षिणेकडील राज्यांतून सर्वत्र गेली आहे. ती करूच नये असे माझे मत आहे; करायचीच तर मोकळ्या जागेत, घरापासून आणि गॅरेजपासून दूर, आणि पक्षी आतपर्यंत पूर्ण सुटा व कोरडा झाल्याची खात्री करून. गोठलेला पक्षी उकळत्या तेलात पडला की तेल उसळून पेट घेते, आणि दरवर्षी या दिवशी अशा आगी लागतात.

क्रॅनबेरी सॉस इतका सोपा आहे की डब्यातला आणू नये. १२ औंसांची पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी. फळे तडतडून फुटेपर्यंत सुमारे दहा मिनिटे उकळावे, गार होताना ते आपोआप आळते. देशातल्या क्रॅनबेरीचा निम्म्याहून अधिक वाटा विस्कॉन्सिन राज्यातून येतो आणि ताजी फळे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरातच मिळतात, म्हणून दोन पिशव्या अधिक घेऊन मोहरी, मेथी, हिंग यांची फोडणी घातलेले लोणचेही करावे. कैरी न मिळणाऱ्या गावी ते वर्षभर ताटाची बाजू सांभाळते. उरलेले सर्व अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे आणि टर्की तीन-चार दिवसांत संपवावी.

एकटे विद्यार्थी बहुधा आपसांत मिळून फ्रेंड्सगिव्हिंग करतात. विद्यापीठाचे भोजनगृह आणि अनेक दुकाने त्या गुरुवारी बंद असतात, तेव्हा दूध-पाव बुधवारी सकाळीच आणून ठेवावेत.

नाताळ

नाताळ अमेरिकेत पहिल्यापासून मोठा होता असे वाटते, पण मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी १६५९ मध्ये तो साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला होता आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. जर्मन वस्त्यांतला झाडाचा रिवाज सर्वत्र पसरण्यास पुन्हा सारा हेल यांचेच मासिक कारण झाले : १८५० मध्ये त्यात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडासह चित्र आले, फक्त राणीचा मुकुट आणि अल्बर्टची मिशी पुसून, म्हणजे ते अमेरिकी कुटुंब वाटावे. १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने हार्पर्स वीकलीत सांताक्लॉजचे रूप पक्के केले, १८७० मध्ये सरकारी सुट्टी मिळाली, आणि १८८२ मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी विजेच्या ८० दिव्यांचे पहिले झाड लावले.

खरे झाड आणायचे तर फांदी मुठीतून ओढून पाहावी; हिरव्या सुया हातात आल्या तर ते शिळे आहे. घरी आणल्यावर बुंध्याचा अर्धा-एक इंच काप काढून लगेच पाण्यात उभे करावे. बुंध्याच्या जाडीच्या दर इंचाला दिवसाला सुमारे एक क्वार्ट (साधारण एक लिटर) पाणी लागते. हीटर आणि शेकोटीपासून ते दूर ठेवावे, झोपताना दिवे बंद करावेत. जानेवारीत नगरपालिका झाडे उचलून नेते. तारखा पाहून, सजावट पूर्ण काढून ते रस्त्याच्या कडेला ठेवावे. घरातल्या शेकोटीत जाळू नये. दिवाळीची दिव्यांची माळ नाताळपर्यंत तशीच ठेवली तर शेजाऱ्यांना ती खटकत नाही, आणि शिडीवर दुसऱ्यांदा चढणे वाचते.

भेटींबाबत थोडे. कार्यालयातील सिक्रेट सांतामध्ये (चिठ्ठीत नाव येईल त्याला गुपचूप भेट देण्याच्या खेळात) ठरवून दिलेल्या रकमेपेक्षा महाग भेट देऊ नये. त्याने घेणारा अवघडतो. भेटीसोबत किंमत न छापलेली गिफ्ट रिसीट, म्हणजे वस्तू बदलून घेण्यासाठीची पावती, ठेवावी. आपल्याला मिळालेली भेट देणाऱ्यासमोर उघडावी, बाजूला ठेवून देऊ नये. टपाल आणणाऱ्या कर्मचाऱ्याला रोख रक्कम देता येत नाही, टपालखात्याच्या नियमाप्रमाणे त्याला २० डॉलरपर्यंतची वस्तू तेवढी घेता येते. समोरच्याचा धर्म ठाऊक नसेल तर 'हॅपी हॉलिडेज' म्हणावे, कारण याच सुमारास ज्यूंचा हनुका येतो आणि २६ डिसेंबरपासून आफ्रिकी-अमेरिकी लोकांचा, १९६६ मध्ये सुरू झालेला, क्वान्झा असतो. फराळाचा डबा द्यायचा असेल तर २४ तारखेच्या आधी द्यावा. २५ च्या सकाळी घंटी वाजवू नये.

वसंत आणि उन्हाळा

वसंतातले सण मुलांचे आणि हलके आहेत. २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियातील पंक्सुटॉनी गावी १८८७ पासून एक ग्राउंडहॉग (खारीच्या कुळातला मोठा प्राणी) बिळातून बाहेर काढतात आणि त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे राहील असे मानतात. जर्मन लोकांनी आणलेली ही समजूत आहे आणि यासाठी घरी काहीही करावे लागत नाही. १४ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइन डेला, प्राथमिक शाळेत मुलाला पाठवताना वर्गातील प्रत्येकासाठी कार्ड द्यावे, निवडक मित्रांसाठी नव्हे. वर्गाची यादी शिक्षिका देतात. ईस्टरला रंगवलेली अंडी खायची असतील तर ती दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नयेत. बागेत लपवायला प्लास्टिकचीच बरी.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे मात्र जपून पाळावा. यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्यासाठी जनरल जॉन लोगन यांनी ३० मे १८६८ हा दिवस ठरवला, त्यातून तो आला. त्या दिवशी ध्वज दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो. बागेत मांसाहाराची शेगडी पेटते, पोहण्याचे तलाव उघडतात, दुकानांत सवलती असतात, तरीही ज्यांच्या घरचे कोणी युद्धात गेले आहे त्यांना 'हॅपी' म्हणून शुभेच्छा देऊ नयेत. जिवंत माजी सैनिकांचे आभार मानायचा दिवस ११ नोव्हेंबर आहे.

चार जुलैबद्दल स्वातंत्र्यलढ्यातले नेते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स यांचा अंदाज एका बाबतीत चुकला होता. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने ब्रिटनपासून स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ रोजी मंजूर केला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्नीला लिहिले की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या मिरवणुका, तोफा आणि रोषणाईने साजरा करतील. सोहळा त्यांनी सांगितला तसाच होतो, तारीख मात्र जाहीरनामा मंजूर झाल्याची, ४ जुलैची, ठरली. बागेतल्या जेवणाला बोलावले तर मक्याची कणसे, लिंबू आणि तिखट-मीठ न्यावे, आणि शाकाहारींसाठी शेगडीवर ॲल्युमिनियम फॉइल पसरण्याची विनंती संकोच न करता करावी. ती रोजची गोष्ट आहे. घरी फटाके उडवण्याआधी राज्याचा आणि गावाचा नियम पाहावा. मॅसॅच्युसेट्समध्ये साध्या फुलबाजीलाही बंदी आहे, आणि शेजारच्या राज्यातून विकत आणलेले फटाके घेऊन हद्द ओलांडणेही तिथे गुन्हा ठरते. जिथे परवानगी आहे तिथे पाण्याची बादली जवळ ठेवावी, लहान मुलांच्या हातात फुलबाजी देऊ नये, कारण तिचे टोक हजार अंश सेल्सिअसच्या पुढे तापते, आणि कुत्रा असेल तर त्याला आतल्या खोलीत बंद करावे. नगरपालिकेची आतषबाजी पाहायची असेल तर अंधार पडण्याच्या दोन तास आधी पोचून, परतीच्या रस्त्याकडे तोंड करून मोटार उभी करावी आणि चटई, डास पळवणारे मलम व पाणी सोबत ठेवावे. कार्यक्रम साधारण अर्ध्या तासाचा असतो, पण वाहनतळावरून बाहेर पडायला बहुधा त्याहून अधिक वेळ लागतो.